बख्त बुलंदचे नागपूर आणि आमचा ओटा

माल भरण्यासाठी आम्ही वर्धा जिल्ह्यातील कापड व्यापारी नागपूरला इतवारी-गांधीबागेत जातो. भाव करतो, गठ्ठे बांधतो आणि परततो. हे शहर कोणी वसविले, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. बाबर-अकबराच्या सनावळ्या पाठ केल्या. शेजारच्या देवगडचे नाव मात्र कानावर पडले नाही.

देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथील गोंड राजपुत्र गादीच्या तंट्यात औरंगजेब बादशहाची मदत मागावयास गेला आणि १६८६ साली त्याने इस्लाम स्वीकारला. तोच बख्त बुलंद शाह. राजघराणे मुसलमान झाले. गोंड प्रजा आपल्या धर्मात राहिली.

मुलूख डोंगर-जंगलाचा. नुसत्या तलवारीने तिजोरी भरत नाही, हे त्याने ओळखले. त्याने ठिकठिकाणचे शेतकरी, कारागीर व व्यापारी आणून वसविले. कामावर नेमताना हिंदू की मुसलमान हे न पाहता लायकी पाहिली. १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या, राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून त्याने नागपूर वसविले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने तेथे राजधानी आणली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधला.

दूर मलायात १४०० च्या सुमारास उदयास आलेल्या मलाक्काच्या राज्याची भरभराटही अशीच झाली. परदेशी व्यापाऱ्यांसाठी तेथे चार शाहबंदर नेमलेले असत. त्यांपैकी एक खास गुजरात्यांसाठी. हिंदुस्थानी कापडाला तेथे मोठी मागणी होती.

आता आमच्या बाजाराकडे पाहू. काही वर्षांपूर्वी परगावचा एक जरीकाम करणारा कारागीर बायकामुलांसह आमच्या गावी आला. दुकानापुढचा ओटा मागत होता, भाडे द्यावयास तयार होता. आपल्या लोकांच्या पोटावर पाय येईल म्हणून सर्वांनी नकार दिला. त्यात आम्हीही होतो. तो नागपूरला गेला. आज लग्नसराईत आमची गिऱ्हाइके जरीकामासाठी नागपूर गाठतात आणि कापडही तिथूनच घेऊन येतात. पोटावर पाय कोणाच्या आला?

१७३९ साली चांद सुलतान वारला. वारसांत तंटा लागला, मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावले गेले आणि चार-पाच वर्षांत कारभार त्यांच्याच हाती गेला. राज्य गेले, पण बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांनी भरलेले शहर राहिले.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, पुढचा कारागीर ओटा मागावयास आला तर गाव-बिरादरी विचारण्याआधी त्याच्या हातचे काम पाहा. जमल्यास पहिले तीन महिने भाडे घेऊ नका. आमचा ओटा अजून रिकामाच आहे.