क्रमांक एक, नोंदी अनेक

जिल्हा रुग्णालयातून मेडिकल कॉलेजला पाठवलेल्या रुग्णाच्या हाती अजूनही बहुधा कागदाची फाईल असते. ती हरवली, की तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, सरकारी मेडिकल कॉलेजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहरांतली कित्येक रुग्णालये महापालिकांकडे. त्यात क्षयरोगासाठी ‘निक्षय’ पोर्टल वेगळे, मधुमेह-रक्तदाबाचे वेगळे. हे दोन्ही आजार मात्र अनेकदा एकाच माणसाला असतात. (सिस्टरांनी एकच नाव दोनदा टाइप करायचे, ते निराळेच.)

केंद्राने आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने १४ अंकी ‘आभा’ क्रमांक दिला. पण क्रमांक म्हणजे पाकिटावरचे नाव. आतले पत्र दुसऱ्या संगणकाला वाचता यायला हवे. साखर १८० एवढेच लिहिलेले, उपाशीपोटी की जेवणानंतर ते नाही, तर अशा नोंदीवर इन्सुलिन कोण ठरवणार?

मिशनने देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ हे मानक स्वीकारले आहे. राज्याच्या दोन्ही विभागांनी आणि महापालिकांनी एकत्र बसून ते सॉफ्टवेअर खरेदीच्या निविदेतच बंधनकारक करावे. न पाळणाऱ्या कंपनीचे बिल अडवावे. ते तर सरकारी कचेऱ्यांना उत्तम जमते.