बाळाच्या वाटीत गल्लीचा चमचा

रमजानच्या संध्याकाळी इफ्तारीची ताटं एका घरातून दुसऱ्या घरात जातात. खजूर, कापलेली फळं, भजी, समोसे, शरबत. ताट शेजारच्या हिंदू घरीही पोचतं आणि दिवाळीत फराळ होऊन परत येतं. या देवाणघेवाणीत दीड-दोन वर्षांच्या पोराच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय कोणी राहत नाही. आईने ‘नको’ म्हटलं तर ती शिष्ट ठरते. मुलाने काय खावं हे आई ठरवते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं गल्ली ठरवते.

सुरुवात जन्मापासूनच होते. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध द्यावं आणि पहिले सहा महिने त्याशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण अनेक हिंदू घरांत मध चाटवण्याची, गुटीची रीत आहे. मुस्लिम घरात तहनीकच्या निमित्ताने खजुराबरोबर कधी मधाचंही बोट लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दवाखान्यात हे आईला सांगितलं जातं. मधाची बाटली मात्र आजीच्या हातात असते.

सहा महिन्यांनंतर उलटं होतं. उष्टावण किंवा खीरचटाई थाटात होते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वरणाचं पाणी. ‘दात नाहीत, पचणार नाही,’ असं चारजणी सांगतात. घट्ट वरणभात, कुस्करलेलं अंडं, पालेभाजी, नाचणी यांची गरज असते तेव्हा हाती येतं चहात बुडवलेलं बिस्कीट. त्या चहामुळे अन्नातलं लोहही शरीरात नीट शोषलं जात नाही.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी फक्त 11.3 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो. महाराष्ट्रात 6 ते 59 महिन्यांच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. गरिबी हे मोठं कारण आहेच. पण अंडं परवडणाऱ्या घरातही पाकीटच पुढे येतं, कारण पाकीट म्हणजे लाड आणि वरण-अंडं म्हणजे रोजचं जेवण.

रमजानमध्ये याची आणखी एक बाजू दिसते. अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल, तर रोजा न ठेवण्याची सवलत शरीअतने दिली आहे. तरीही अनेकजणी रोजे सोडत नाहीत. सासूने, नणंदेने बाळ अंगावर असताना रोजे ठेवलेले असतात. धर्माने जेवायची मुभा दिलेली बाई शेजारणीच्या नजरेला भिऊन दार लोटून जेवते, नाहीतर जेवतच नाही. हिंदू घरातल्या बाळंतिणीची गोष्ट फार वेगळी नाही. हे फळ थंड, ती डाळ वातूळ, असं म्हणत तिच्या ताटातला एकेक पदार्थ कमी होत जातो.

म्हणून आईला सल्ले देऊन भागणार नाही. कुरआनच्या सूरह बकरामधली 233वी आयत दोन वर्षं दूध पाजण्याविषयी बोलते, तेव्हा आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकते आणि दूध सोडवायचं तर दोघांनी विचारविनिमय करून ठरवावं, असं सांगते. म्हणजे बापही या हिशेबात आहे. बहुतेक घरांत तो फक्त येताना बिस्किटाचा पुडा आणतो.

रीत बदलायला रमजान सोयीचा महिना आहे. सगळा मोहल्ला एकाच वेळी दस्तरखानावर बसतो आणि एकमेकांचं बघून ताटं लावतो. ताटात लहानग्यांसाठी केळं, बी काढून कुस्करलेला खजूर, मऊ शिजवून चेचलेले हरभरे गेले, तर पुढच्या वर्षी चार घरं तेच पाठवतील. जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाजणाऱ्या आईच्या सवलतीचा उल्लेख करावा. अंगणवाडीताईंनी आईबरोबर आजीला आणि बापालाही बोलवावं. मग एखाद्या घरची सूनबाई रमजानच्या भर दुपारी, दार उघडं ठेवून, पोटभर जेवू शकेल.