वळूच्या एका वृषणाला मार लागला तर?

झुंजीत वळूच्या एका वृषणाला शिंग लागले, तर ‘दुसरे शाबूत आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. चांगले वीर्य तयार होण्यासाठी वृषणे शरीरापेक्षा २ ते ६ अंश सेल्सिअसने थंड राहावी लागतात. जखमी वृषणाची सूज व उष्णता शेजारच्यालाही बाधते. म्हणून गरम शेक देऊ नका. थंड पाण्याची धार सोडा आणि पशुवैद्यांना लगेच बोलवा. दुसरे वाचावे म्हणून कधी जखमी वृषण काढावे लागते. नवे वीर्य तयार व्हायला सुमारे २ महिने लागतात. तोवर गाई दाखवू नका, उलटतील. नंतर वीर्य तपासून घ्या. एका निरोगी वृषणावरही वळू गाई गाभण ठेवतो. घाईने बाजार दाखवू नका.