तिशीतली गाडी आणि ऐंशी हजारांचा शिक्का

माझ्याकडे जुनी मर्सिडीज कूपे आहे असं सांगितलं की समोरच्याच्या मनात दोनच शक्यता येतात. एक, याच्या बापाने बक्कळ कमावून ठेवलंय. दोन, याला कोणीतरी व्यवस्थित गंडवलंय. दोन्ही खोटं. बाबा शाळामास्तर होते, आणि गाडी मी घेतली ती नव्या साध्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात, नीट तपासून, शुद्धीत असताना. पण आज मला भांडायचंय ते या लोकांशी नाही (त्यांच्याशी रोज कँटीनमध्ये भांडतोच). आज भांडण आहे ते गाडीची जन्मतारीख बघून तिची लायकी ठरवणाऱ्या नियमाशी, आणि तो नियम बरोबरच आहे असं मान डोलावून सांगणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींशी.

आधी गाडीबद्दल. १९९५ सालची ई २२० कूपे, डब्ल्यू १२४ घराण्यातली. मी १९९८ चा, म्हणजे नात्याने ती माझी ताईच लागते. दोन दारं, आणि पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये खांबच नाही. चारही काचा खाली केल्या की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती हवा. दार लावून किल्ली फिरवली की मागून एक छोटा हात पुढे येतो आणि सीटबेल्ट खांद्यापाशी आणून देतो. वायपर एकच, पण फिरता फिरता कोपऱ्याकडे उडी मारतो आणि जवळजवळ सगळी काच पुसून काढतो. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हसतो. मीही हसलो होतो.

आता तिला पोसायचं कसं? इथे या घराण्याची एक गंमत आहे. १९९५ पासून हीच डब्ल्यू १२४, पण चार दारांची, टेल्कोच्या भागीदारीत आपल्या पुण्यात जुळवली जात होती. कूपे परदेशातून आली असली तरी इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन यांतलं बरंचसं तिच्या पुणेकर चुलत बहिणीशी जुळतं. त्यामुळे बुश, माउंटिंग, पंप यांसाठी कुर्ल्याच्या दुकानांत खेपा घातल्या की सहसा काम होतं. आणि या गाड्या उघडून-जोडून हात काळे केलेले मेकॅनिक मुंबई-पुण्यात अजून आहेत. साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर ठेवून नुसत्या कानाने इंजिन तपासणारे.

अडतं ते फक्त कूपेचं जे आहे तिथे. दारं, काचा आणि त्या बिनखांबाच्या काचांभोवतीचे रबर. कोकणपट्टीतल्या पावसात ते रबर म्हणजे गाडीचा प्राण. तो कडक झाला की पाणी दारातून गालिच्याखाली, तिथून पत्र्यात, आणि मग डेंटर-पेंटरकडे मुक्काम. म्हणून रबर जर्मनीहून मागवायचे, वर कस्टम्स भरायचं, आणि पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची. पण झाकून ठेवायची म्हणजे विसरायची नव्हे! दर आठवड्याला सुरू करून चांगली गरम होऊ द्यायची. उभी राहिलेली गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरते.

आणखी एक. १९९३ ते १९९५ च्या सुमाराच्या मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण पर्यावरणस्नेही म्हणून आपोआप विघटन होईल असं वापरलं होतं. ते भंगारात जाऊन विघटित व्हायच्या ऐवजी इंजिनाच्या उष्णतेने गाडीतच विघटित व्हायला लागलं, हे जगजाहीर आहे. या सालांतली गाडी बघायला गेलात तर रंग, सीट, म्युझिक सिस्टीम नंतर बघा. बॉनेट उघडून आधी वायरिंग बदललेलं आहे का ते विचारा. नसेल तर किंमत पाडा, नाहीतर निघून या.

या सगळ्यासाठी मी महिन्याला दहा हजार बाजूला टाकतो. कधी सहा महिने हात लावावा लागत नाही, कधी एका फटक्यात सगळे जातात. माझ्या टीममधला मित्र त्याच्या नव्या एसयूव्हीचा हप्ता बत्तीस हजार भरतो, सात वर्षं. तो मला विचारतो, 'तुला परवडतं कसं रे?' काय बोलणार!

असो. मुद्द्यावर येतो.

यंदा माझ्या गाडीचं पासिंग आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क कारसाठी पूर्वी ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० केलं. आणि आयात केलेल्या कारसाठी? ४०,००० वरून थेट ८०,०००.

म्हणजे बघा. पुण्यात जुळवलेली ई २२० आणि माझी ई २२०. साल तेच, इंजिन तेच, धूर तोच. तिला दहा हजार, हिला ऐंशी हजार. सत्तर हजारांचा फरक कशाचा? दोन दारं कमी असल्याचा?

आम्ही इंजिनिअर लोक आकडे मांडल्याशिवाय ऐकत नाही, म्हणून मांडतो. मी वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालवतो. पाच वर्षांत साडेबारा हजार. ऐंशी हजार भागिले साडेबारा हजार, म्हणजे किलोमीटरमागे ६ रुपये ४० पैसे. आता पंचवीस वर्षांची देशी डिझेल जीप घ्या, जी वर्षाला वीस हजार किलोमीटर पळते. तिला दहा हजार रुपये, पाच वर्षांत एक लाख किलोमीटर. किलोमीटरमागे दहा पैसे. जो जास्त धूर सोडतो तो कमी भरतो, आणि जो गाडी आठवडाभर झाकून ठेवतो तो चौसष्ट पट! याला पर्यावरणाचं धोरण म्हणायचं असेल तर म्हणा. मी कोडमध्ये असलं लॉजिक लिहिलं तर रिव्ह्यूमध्येच परत येईल.

यावर नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. जुनी गाडी जास्त प्रदूषण करते. करते! तीस वर्षांपूर्वीचं इंजिन बीएस ६ च्या बरोबरीचं आहे असं मी म्हणतच नाही. पण मग धूर मोजा ना. सोडलेल्या धुरावर पैसे लावा, चाललेल्या किलोमीटरवर लावा. वय हा धुराचा अंदाज आहे, धूर नव्हे. आणि धूर मोजण्याची पीयूसी नावाची व्यवस्था आपल्याकडे कशी चालते ते तुम्ही-आम्ही सगळेच जाणतो. ती सुधारायला मेहनत लागते. जन्मतारीख तर आरसी बुकावर छापलेलीच असते, ती वाचायला काय लागतं?

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट पुढेच आहे. आपल्याच केंद्र सरकारचे २०२१ चे विंटेज गाड्यांचे नियम आहेत. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर ती वारसा. पहिली नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतरचं नूतनीकरण फक्त ५,०००. रोज फिरवता मात्र येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच. म्हणजे माझी गाडी पन्नाशीत मानाची म्हातारी होणार, पण तोपर्यंत जगू द्यायची नाही. मग पन्नाशीला पोचणार कोण? ज्यांची गाड्यांसाठी वेगळी हवेली आहे त्यांच्याच. ही गाडी जिथे जन्मली त्या जर्मनीत तिसाव्या वर्षीच ऐतिहासिक वाहनाची वेगळी नंबरप्लेट मिळते, १९९७ पासून. अट एकच. तज्ज्ञाने गाडी तपासून ती मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असल्याचं सांगितलं पाहिजे. तिथे तब्येत बघतात, आपल्याकडे जन्माचा दाखला.

'अरे, तुझे मर्सिडीजवाल्यांचे चोचले, आम्हाला काय त्याचं?' असं कोणी म्हणेल म्हणून डोळखांबची गोष्ट सांगतो. आमचं मूळ घर डोळखांबजवळ. महिन्यातले दोन रविवार ठाण्याहून पडघा, आसनगाव, शहापूर करत मी तिकडे जातो. आजोबाचा डोंगर समोर दिसायला लागला की चारही काचा खाली. तिथे आमच्या शेजारच्या तात्यांकडे २००१ सालची मोटारसायकल आहे. भेंडीच्या जाळ्या, खताची गोणी, दवाखाना, नातवाची शाळा, सगळं तिच्यावर. एसटी चुकली की तीच. तात्यांनी ती स्वतःच्या हाताने उघडून दोनदा इंजिनकाम करून घेतलंय, धूर काढत नाही. तिचंही पासिंग यंदाच. दुचाकीचं नूतनीकरण पूर्वी ३०० होतं, मग १,०००, आता वीस वर्षांवर २,०००. गाडी विकली तर भंगारवाला किती देईल ते तुम्हीच ठरवा. शहापूरला खेपा वेगळ्या, कामाचा दिवस बुडाला तो वेगळा.

तात्या मला म्हणाले, "चालते ना ती? धूर नाय काढत ना? मंग वय कशाला इचारतात?" माझ्याकडे कंपनीतल्या लोकांसाठी उत्तरं होती, तात्यांसाठी नव्हतं.

आणि स्क्रॅप केली तर? केंद्राच्या नियमात नव्या खासगी गाडीच्या करावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. म्हणजे सवलत हवी असेल तर आधी नवी गाडी घ्या. ती बनवायला लागणारं पोलाद, वीज, रंग यांचा धूर मात्र कुठल्याच आरसी बुकावर येत नाही.

आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी तरी या नियमाला टाळ्या वाजवू नयेत. कित्येक बँकांचे हिशेब अजून कोबोलवर चालतात आणि ते सांभाळण्याचे आपल्याला पगार मिळतात. सिस्टीम तीस वर्षांची आहे म्हणून बंद करा, असं क्लायंटला सांगून बघा एकदा. आपण आधी टेस्ट चालवतो, लॉग बघतो, मग बोलतो. गाडीच्या बाबतीत तेवढंच मागतोय. कडक तपासणी ठेवा, तिची खरी फी घ्या, नापास झाली तर मी स्वतः गाडी भंगारात नेऊन देतो. आयात आणि देशी हा भेद काढा. दुचाकीचं शुल्क पुन्हा तीनशेवर आणा.

तात्यांचा फॉर्म २५ मी गेल्या रविवारी भरून दिला. माझा अजून भरायचाय. रबरांसाठी बाजूला ठेवलेले पैसे यंदा त्यात जाणार, त्यामुळे डाव्या दारात या पावसाळ्यातही टॉवेल ठेवावा लागेल.