साखळीतला कुत्रा आणि भाकरीचे कोडे

उन्हाळ्यात आपल्या वाशिम जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पावसाळ्यात झड लागली की दोन-दोन दिवस अंगणात पाय टाकता येत नाही. अशा वेळी दोन खोल्यांच्या घरातला पाळीव कुत्रा दिवसभर खिडकीच्या गजाला बांधलेला असतो. तो चपला कुरतडतो, केकाटतो, मार खातो आणि एखाद्या दिवशी घरातल्याच लेकराला चावतो. मग 'कुत्रं बिघडलं' म्हणून त्याला गावाबाहेर सोडून देतात. वस्त्यांतून फिरताना आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. आमच्या मते यात कुत्र्याचा दोष थोडा, रिकामपणाचा अधिक.

वास घेणे, शोधणे, उकरणे हा कुत्र्याचा मूळ उद्योग. ताटलीत टाकलेली आयती भाकरी तो मिनिटभरात गिळतो, पुढे दिवसभर काम नाही. तीच भाकरी त्याला शोधायला लावावी. जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन तिच्यात भाकरीचे तुकडे ठेवत सैल गुंडाळी करावी. तो नाकाने व पंजाने ती उलगडत बसतो. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तुकडे टाकून वर कागदाचे बोळे ठेवले तरी चालते. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली तुकडा ठेवणे हा खेळ तर मुलांनाही आवडतो. सुरुवातीला सोपे ठेवावे, त्याला जमले की थोडे अवघड करावे. पुठ्ठा किंवा कापड गिळू लागला तर मात्र लगेच काढून घ्यावे. जवळ मोठे माणूस असावे, आणि तो खात असताना मुलांनी त्याच्या तोंडचे ओढू नये. घरात दोन कुत्री असल्यास खेळ वेगवेगळ्या जागी द्यावा. खेळातली भाकरी रोजच्या भाकरीतूनच काढायची, जास्तीची नाही.

कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, द्राक्षे, चॉकलेट त्याला देऊ नये. ते कुत्र्याला बाधते. कोंबडीची शिजलेली हाडे फुटून आतड्याला इजा करतात.

काही ज्येष्ठ बांधव म्हणतील, आपल्या लेकरांना खेळणी नाहीत आणि कुत्र्याचे कसले लाड? त्यांचा राग आम्हाला समजतो. ज्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, तिथे आपल्याला मनाई होती. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. परंतु तो लढा माणसाच्या हक्कासाठी होता, जनावराच्या तोंडचे पाणी काढण्यासाठी नव्हता. आपल्या पहिल्या शीलात माणूस आणि पशू असा भेद नाही. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व जनावरांच्या, दोन्हींच्या औषधोपचाराची सोय केल्याचा उल्लेख आहे. आणि वर सांगितलेल्या खेळांना एक रुपयाही लागत नाही.

कायदाही सांगून ठेवतो, कारण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार काळ बांधणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडू-फिरू न देणे हाही गुन्हाच. तेव्हा घरातला खेळ हा फिरविण्याला पर्याय नव्हे. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावर त्याला फिरवून आणावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस द्यावी, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी. कुत्रा, मग तो घरचा असो की गल्लीतला, चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, आणि पहिले इंजेक्शन घेतल्यावर पुढच्या तारखा कागदावर लिहून घेऊन चुलीजवळच्या भिंतीला लावाव्यात.