मान मोडली, नजर गेली तर?

भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा मानदुखीचा विषय हमखास निघतो. डोक्यावर हंडा, सरपणाची मोळी, मान दुखणारच. मग कोणी सलूनमध्ये मान मोडून घेतो, कोणी हाड बसवणाऱ्याकडे जातो. तरुण पोरं तर मोबाईलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ पाहून एकमेकांच्या माना कडाकड मोडतात. मान जागेवर आली की नजरही सुधारते, असं सांगणारेही भेटतात. त्याला भक्कम पुरावा नाही.

मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. डोळ्यांनी टिपलेलं आपल्याला 'दिसतं' ते तिथेच. मानेला जोरात हिसका बसला तर वाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूचं रक्त अडवते. हे क्वचित घडतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 साली म्हटलं की हिसका आणि अस्तर फाटणं यांचा संबंध दिसतो, पण हिसक्यामुळेच फाटतं हे सिद्ध नाही; काहींची वाहिनी आधीच फाटलेली असते आणि त्या दुखण्यासाठीच ते मान मोडून घ्यायला जातात. आमच्या मते, मानेला हिसका न देण्याचं हे आणखी एक कारण झालं.

फसगत होते ती पुढे. एका बाजूचं दिसेनासं होतं, एकाचे दोन दिसतात, आणि माणूस चष्म्याच्या दुकानात जातो किंवा नेत्रशिबिराची वाट बघतो. तिथे डोळे ठीक निघतात, कारण बिघाड मेंदूत असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून पुणे गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून मान मोडल्यावर, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी, अचानक नजर बिघडली, तोल गेला, जीभ अडखळली, तर 108 ला फोन करा. मान मोडली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

सलूनवाल्या बांधवांना आम्ही दोष देत नाही, तेही आपल्यासारखेच कष्टकरी. पण लावणीनंतर मान धरलेल्या बाईने जायचं कुठे? दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसलाच पाहिजे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा. मसुदा आम्ही लिहून देऊ.