कुंडीतला वाटाणा

नाशिककरांनी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभारले, हे योग्यच झाले. परंतु त्यांची कला रुजली ती घरात, याचा विसर पडू नये. १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी दिवसेंदिवस चित्रित केली. तीच दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवले. त्यातली तारामती कोण? उपाहारगृहात काम करणारे साळुंके! पुढे बिऱ्हाड नाशिकला आले. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती कन्या मंदाकिनी. पत्नी सरस्वतीबाई तर साऱ्या मंडळींचे रांधून फिल्म धुण्याचे कामही करीत; त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात कितीसे आढळते? शाळांच्या सहली स्मारकाकडे अवश्य जाव्यात. मात्र त्याआधी शिक्षकांनी वर्गाच्या खिडकीत एक वाटाणा पेरावा आणि त्याचे रोज एक चित्र मुलांकडून काढून घ्यावे.